विंचू चावतो तेव्हा शरीरात काय घडते

(गुहागर येथे भरलेल्या कार्यकर्ते व हितचिंतकांच्या सभेतील व्याख्यान)



मला विषय दिला होता 'आदिवासी वाड्यांवरील आरोग्य'. विषय मोठा आणि वेळ अर्धा तास. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट उचलली आहे, ती म्हणजे विंचू. तुमच्यापैकी काहींना हसू येईल. कोकणात विंचवाचे काय नवल? जांभ्याचा गडगा हलवा, पेंढ्याची उडवी उपसा, कौले उतरवा, विंचू निघणारच. पण आपण ज्या कातकरी कुटुंबांत काम करतो, ती चिऱ्याच्या खाणीवर, वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, नाहीतर आंब्या-काजूच्या बागेत राखणीला राहतात. कुडाच्या घरात जमिनीवर झोपतात. पोरे अनवाणी असतात. हात दगडात, लाकडात, गवतात असतो. विंचू आपल्या पक्क्या घरातही येतो, पण त्यांच्या अंथरुणात येतो.

मी डॉक्टर नाही. माझ्याजवळ ईश्वरपरिज्ञानाची पदविका आहे आणि वाड्यांवर हिंडण्याची सवय आहे. पण विंचवाने माणूस कसा मरतो आणि कसा वाचतो, हे समजून घ्यायला मी डॉक्टरांना पुष्कळ प्रश्न विचारले, वाचले, आणि जे कळले ते तुमच्यापुढे ठेवते. ते कळले की वाडीवर काय बोलायचे ते आपोआप सुचते.

सुरुवात आपल्या शरीरापासून करू. शरीरात निरोप पोचवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे मज्जातंतू. चटका बसला की क्षणात हात मागे येतो, ते त्यांचे काम. दुसरी तऱ्हा रक्तातून निरोप पाठवण्याची. शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्यांना नळी नाही. लाळेची ग्रंथी नळीतून तोंडात लाळ सोडते, तसे यांचे नसते. या आपला रस थेट रक्तात सोडतात, म्हणून त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. मेंदूच्या तळाशी पीयूषिका, गळ्यात थायरॉइड, पोटात स्वादुपिंड, आणि दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी, ज्यांना डॉक्टर अ‍ॅड्रिनल म्हणतात. त्यांच्या रसातली जी द्रव्ये निरोप नेतात, ती म्हणजे हार्मोन्स. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो.

हे कळायला माणसाला विसावे शतक उजाडावे लागले. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका प्राण्याच्या आतड्याच्या तुकड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडून टाकले आणि आतड्यात आम्ल सोडले. तार तुटली तर निरोप जाऊ नये. तरीही स्वादुपिंडातून रस आला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. १९०५ साली स्टार्लिंगने अशा द्रव्यांना हार्मोन हे नाव दिले. ते चेतवणे, चालना देणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले आहे. आपला 'संप्रेरक' हा शब्दही तेच सांगतो.

आता एक प्रश्न. रक्त तर सगळीकडे फिरते. मग निरोप ज्याचा त्यालाच कसा मिळतो? त्याचे उत्तर कुलूप आणि किल्ली. हार्मोन ही किल्ली. ज्या पेशीवर तिचे कुलूप आहे तिथेच ती लागते, बाकीच्या पेशींजवळून नुसती वाहून जाते. एकाच किल्लीची कुलपे दोन जागी असली तर दोन वेगळी दारे उघडतात. आणि हे सारे किती थोड्या द्रव्यात होते पाहा. आपण इथे शांत बसलो आहोत. या क्षणी आपल्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये अ‍ॅड्रिनलीन एका ग्रॅमचा अब्जावा भागही नाही. तेवढ्यावर काम भागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. निरोप संपावा लागतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद होते. शरीरात तसेच आहे. थायरॉइडचा रस पुरेसा झाला की पीयूषिका आपला हुकूम मागे घेते. जेवल्यावर साखर वाढली की इन्सुलिन येते, साखर उतरली की तेही उतरते. अ‍ॅड्रिनलीन तर दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येते. ज्याने आपल्याला घडवले त्याने चालू करण्याइतकीच काळजी बंद करण्याची घेतली आहे.

आता अ‍ॅड्रिनलीनकडे येऊ, कारण विंचवाची गोष्ट तिथेच आहे. रात्री अंगणात निघालात आणि पायाशी काही सळसळले. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, तोंड कोरडे होते. हे काम अ‍ॅड्रिनलीन आणि त्याचे भावंड नॉरअ‍ॅड्रिनलीन करतात. अधिवृक्क ग्रंथीचा आतला गाभा ती रक्तात सोडतो, आणि मज्जातंतूंच्या टोकांतूनही नॉरअ‍ॅड्रिनलीन सुटते. त्यांची कुलपे मुख्यतः दोन जातींची आहेत. त्यांना अल्फा आणि बीटा म्हणतात. बीटा कुलूप उघडले की हृदय जोराने आणि भराभर चालते. अल्फा कुलूप उघडले की कातडीतल्या आणि आतड्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे रक्त हृदयाकडे आणि स्नायूंकडे वळते. पळायला किंवा झुंजायला अंग तयार होते. साप निघून गेला की पाच-दहा मिनिटांत आपण पुन्हा जागेवर येतो. हे देवाचे देणे आहे.

मग तांबडा विंचू काय करतो? तुम्हाला दोन विंचू ठाऊक आहेत. काळी, मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचे विष बहुधा जिवावर बेतत नाही. दुसरा लहान, तांबूस. तो धोक्याचा. त्याचे विष मज्जातंतूंवर असलेली सोडियमची बारीक दारे उघडी ठेवते. दार मिटले तरच निरोप थांबतो. इथे दार मिटतच नाही, म्हणून तंतू एकामागून एक निरोप धाडत राहतात. प्रथम घामाच्या धारा लागतात, तोंडाला लाळ सुटते, उलट्या होतात. मग अ‍ॅड्रिनलीन आणि नॉरअ‍ॅड्रिनलीन यांचा पूर येतो. टाकीतला तरंगता गोळा निखळून पडावा तसे होते.

विंचू फार थोडे विष टोचतो. पुढचे सारे आपल्याच शरीराच्या रसायनाने होते. सर्वांगातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार होतात, रक्तदाब चढतो. त्या आवळलेल्या वाटेतून रक्त ढकलताना हृदय थकते. शेवटी ते पुढे ढकलू शकत नाही, तेव्हा मागे फुप्फुसात पाणी साठते. रोगी धापा टाकतो, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. त्याच वेळी अल्फा कुलपे उघडल्यामुळे इन्सुलिन सुटणेही दबते, म्हणून थकलेल्या हृदयाला साखर नीट वापरता येत नाही. लहान मुलाच्या अंगात तेवढेच विष म्हणजे वजनाच्या मानाने कितीतरी जास्त. म्हणून मुले लवकर दगावतात.

हे कोडे जिथे सुटले ती जागा इथून फार लांब नाही. चिपळूण, खेड ओलांडून कशेडीचा घाट उतरला की पोलादपूर, आणि पुढे महाड. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा. विंचू चावलेली माणसे त्यांच्यासमोर मरत होती, आणि पुस्तकांत विंचवाविषयी फार थोडे लिहिलेले होते. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून नोंदी केल्या. घाम केव्हा आला, उलटी केव्हा, हातपाय केव्हा गार पडले, नाडी किती, दाब किती. कोणती लक्षणे पुढच्या संकटाची वर्दी देतात हे त्यातून उमगले आणि १९८२ साली ते 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. एका खेड्यातल्या दवाखान्यातला डॉक्टर जगाला काही शिकवत होता.

पण ओळखणे निराळे आणि वाचवणे निराळे. रोगी रक्तवाहिन्या आवळल्यामुळे मरतो असे दिसल्यावर त्यांनी त्या सैल करण्याचा मार्ग धरला. पहिल्यांदा नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून देण्याचे औषध वापरले. त्याने माणसे वाचली, पण ते थेंब-थेंब मोजून, सतत दाब पाहत द्यावे लागते. प्रत्येक खेड्यात ते कसे जमावे? तेव्हा त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. ही उच्च रक्तदाबाची साधी गोळी. ती अल्फा कुलपात जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. खरी किल्ली बाहेरच राहते. रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो, इन्सुलिनचीही वाट मोकळी होते. १९८६ साली त्यांचा हा अनुभवही 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रोग्यांत पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन वेळेत मिळू लागल्यावर ते प्रमाण एक-दोनावर आले. स्वस्त गोळी, तोंडाने घ्यायची, छोट्या दवाखान्यात ठेवता येणारी.

पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलसही आली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या ७० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नुसते प्राझोसिन दिले, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिलस दोन्ही. दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवाल्या ३५ पैकी ८. बाकीचेही सावरले, पण त्यांना जास्त वेळ लागला. कारण सरळ आहे. प्रतिलस विषाला धरते, प्राझोसिन विषाने उठवलेल्या वादळाला. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

इथवर शास्त्र झाले. आता वाडीवर या.

दोन वर्षांपूर्वी याच तालुक्यात एका चिरेखाणीजवळच्या वस्तीत रात्री नऊच्या सुमारास सहा वर्षांच्या मुलीला विंचू चावला. आम्ही शेजारच्या वाडीत प्रार्थनेला होतो, म्हणून निरोप लगेच आला. पोहोचलो तेव्हा पाच-सहा माणसे भोवती होती. कोणी पाय दोरीने आवळला होता, कोणी चावल्या जागी काही पाला चोळत होते, आणि भगताला आणायला एक पोरगा धावला होता. मुलगी रडत नव्हती. बापाला वाटले, रडत नाही म्हणजे उतरले. मी कपाळाला हात लावला तर घामाने ओले, पावलांना लावला तर गार. दोन उलट्या झाल्या होत्या. मी म्हटले, "बाबा, आता उचला." तो म्हणाला, "ताई, भगत येतोय. आणि दवाखान्यात पैसे मागतील. उद्या खाणीवर नाही गेलो तर मुकादम उचल कापील."

त्या माणसाला मुलगी नको होती असे कोणी समजू नये. त्याचा हिशेब चुकीच्या माहितीवर होता, पण हिशेब होता. कातकऱ्यांना कात पाडण्याच्या कामावरून नाव मिळाले. ते काम गेले, जंगल गेले, आणि आज यातली कितीतरी कुटुंबे पावसाळ्यात घेतलेली उचल उरलेले आठ महिने फेडत असतात. एका रात्रीचा दवाखाना म्हणजे त्यांच्या लेखी कित्येक दिवसांची मजुरी. आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नये.

आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. भगतालाही नको म्हटले नाही. मी म्हटले, "भगत येऊ दे, गाडीत बसू दे, वाटेत मंत्र म्हणू दे. पण गाडी आता निघते." भगत खरेच गाडीत बसला. मुलीला आडवी ठेवून नेले. डॉक्टरांनी गोळी दिली, रात्रभर दाब पाहिला, ठरावीक तासांनी पुन्हा गोळी दिली. पहाटे तिचे पाय कोमट झाले आणि मग ती पाय दुखतो म्हणून रडू लागली. डॉक्टर म्हणाले, आता रडतेय ते चांगले आहे.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत एका तरुण आईला पेंढा उचलताना विंचू चावला. संध्याकाळी चावला, निरोप आला तो सकाळी. तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता. चिपळूण इथून चाळीसएक किलोमीटर. ती पोहोचली नाही. तिचा मुलगा आज आपल्या वसतिगृहात तिसरीत शिकतो. औषध होते, रस्ता होता, गाडीही मिळाली असती. गेले ते बारा तास.

आणि इथे मला आपल्या घरचीही एक गोष्ट बोलली पाहिजे. भगताला दोष देणे आपल्याला सोपे जाते. पण काही विश्वासू घरांतही मी पाहते की विंचू चावला की आधी सगळे जमून प्रार्थनेला बसतात आणि गाडीचा विचार तासाभराने होतो. कोणी म्हणते, विश्वास असेल तर विष बाधत नाही. बंधूंनो, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तो जखमी माणसाशेजारी बसून राहिला नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर घातले, उताराशाळेत नेले आणि पैसे भरले. प्रार्थना जरूर करा. गाडीत बसून करा.

आता काय करायचे ते थोडक्यात. घरी जाऊन हे लिहून ठेवा.

विंचू चावला की दुखणे किती आहे यावर भरवसा ठेवू नका. नुसते भयंकर दुखते, बाकी काही नाही, असे पुष्कळ रोगी सुखरूप राहतात. आणि ज्याला फारसे दुखत नाही, पण घाम फुटला, उलटी झाली, लाळ गळते, हातपाय गार पडले, त्याच्या जिवाला धोका असतो. पुरुषांत आणि मुलग्यांत लिंग ताठ राहणे हेही एक लक्षण आहे. लाजून ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

पाय दोरीने आवळू नका. चीर देऊ नका, तोंडाने ओढू नका. विंचू शोधण्यात वेळ घालवू नका. रोग्याला आडवे ठेवा, चालवू नका, मुलाला उचलून न्या. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर जी गाडी मिळेल ती घ्या. प्राझोसिन ऐकले म्हणून घरी आणून कोणाला देऊ नका. मात्रा वजनावर ठरते, आणि गोळी घेतल्यावर रोगी एकदम उठून बसला तर दाब उतरून कोसळू शकतो. ते काम डॉक्टरांचे.

आणि चावूच नये म्हणून : बूट झटकून घाला, अंथरूण झटका, लाकडे आणि चिरे भिंतीपासून दूर रचा, गवतात हात घालण्याआधी काठी घाला, रात्री विजेरी घेऊन बाहेर पडा. शक्य तर खाटेवर झोपा. जांभळ्या अतिनील प्रकाशाची विजेरी मिळते, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. आमच्या कार्यकर्त्यांनी तशी विजेरी घेऊन एका रात्री एका वस्तीतल्या चुलीमागून चार विंचू काढले. त्या रात्रीनंतर तिथल्या बायकांनी लाकडांची जागा बदलली. माझ्या दहा भाषणांनी जे झाले नसते ते त्या चार विंचवांनी केले.

हितचिंतकांनो, तुमच्याकडे माझे मागणे लहान आहे. पावसाआधीचा उकाडा आणि भातकापणीचा ऑक्टोबर हे विंचवाचे दिवस. त्याआधी प्रत्येक वस्तीला एक विजेरी, प्रत्येक मुलाला बंद चपला, आणि रात्री बोलावले तर निघेल अशा एका गाडीच्या डिझेलची तरतूद हवी. ज्याच्या घरी गाडी आहे त्याने आपला नंबर आज सभेनंतर द्यावा. आणि प्रत्येक मंडळीतून दोघांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन नम्रपणे विचारावे, "साहेब, प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस शिल्लक आहे ना?" विचारणारे आहेत हे कळले की साठा संपायच्या आत मागणी जाते.

आणि मुकादमाशी बोलणे हे आम्हा कार्यकर्त्यांचे काम. विंचू चावलेल्याला दवाखान्यात नेले म्हणून त्या दिवसाची उचल कापायची नाही, एवढी एकच गोष्ट आम्ही या हंगामात प्रत्येक खाणीवर मागणार आहोत. दोन ठिकाणी हो म्हणाले आहेत. उरलेल्यांसाठी प्रार्थना करा, आणि ज्यांची त्यांच्याशी ओळख आहे त्यांनी आमच्याबरोबर चला.